पाणी सोडायची परवानगी

कूलरमधलं खारट पाणी आपोआप सोडायच्या यंत्रणेसाठी पेटंटचा अर्ज करायचं ठरलं तेव्हा आम्ही तिघं होतो, आणि तिघांनाही आपलाच भाग म्हणजे खरा शोध वाटत होता. माझा नागपूरला हिंगणा एमआयडीसीत कूलरचा कारखाना आहे. घरगुती नाही, मोठे कूलर: मंगल कार्यालयं, जिनिंगच्या शेड, गोदामं. धाकटी बहीण एम.टेक. झालेली, हवेचा प्रवाह संगणकावर मांडून बघणं हे तिचं पोटापाण्याचं काम. मामेभाऊ नेटवर्किंगवाला. मला टाकीतल्या पाण्याच्या सेन्सरचं कौतुक, बहिणीला तिच्या मॉडेलचं, मामेभावाला त्याच्या दोन तारांच्या जाळ्याचं. पेटंटच्या पहिल्या दाव्यात, म्हणजे आपला हक्क नेमका कशावर ते सांगणाऱ्या वाक्यात, शेवटी जे टिकलं त्याचा गाभा या तिन्हींत नव्हता, म्हणून हे लिहायला बसलोय.

आधी अडचण सांगतो, नाहीतर पुढचं डोक्यावरून जाईल.

मे महिन्यात आपल्याकडे दुपारी पारा ४४च्या पुढे आणि हवेतली आर्द्रता १५ टक्क्यांच्या आसपास. अशा हवेत ओल्या फडक्याचा थर्मामीटर साधारण २३ अंश दाखवतो, म्हणजे नुसत्या पाण्याने हवा फार तर तेवढीच गार होऊ शकते. पॅड चांगली असली तर कूलरमधून २७-२८ अंशांची हवा बाहेर येते. जुलैत तोच कूलर नुसता पंखा होतो, हे विदर्भात कुणाला सांगायला नको. एक लिटर पाणी उडून जाताना सुमारे दोन तृतीयांश युनिट विजेइतकी उष्णता शोषून घेतं. सगळी गंमत एवढीच. पण पाणी उडतं, त्यातले क्षार मागे राहतात. रिंगरोडच्या पलीकडची बरीच कार्यालयं बोअरच्या नाहीतर टँकरच्या पाण्यावर चालतात. एका सीझनमध्ये पॅडवर पांढरा खार असा धरतो की नखाने खरवडला तर पापुद्रा निघतो. खार धरला की पाणी सारखं पसरत नाही, जिथं पॅड कोरडी राहते तिथून गरम हवा थेट आत.

उपाय जुना आहे: टाकीतलं खारट पाणी मधूनमधून सोडून द्यायचं आणि ताजं भरायचं. घरी आपण बूच काढतो. कार्यालयात ओळीने आठ-दहा मोठे कूलर, लग्न चालू, बूच कोण काढणार? टायमर लावला तर चांगलं पाणीही वाहून जातं, आणि टँकरचे पैसे मोजणारा मालक आपल्यालाच शिव्या घालतो. म्हणून मी पाण्याची विद्युतवाहकता मोजायला लागलो. स्टेनलेस स्टीलच्या दोन सळ्या, मधे ठरावीक अंतर, आणि उलटसुलट फिरणारा करंट. सरळ डीसी दिला तर सळ्यांवर बुडबुडे धरतात आणि आकडा भरकटतो. शिवाय पाणी एका अंशाने तापलं की वाहकता दोनेक टक्क्यांनी वाढते, तेवढी वजाबाकी करावी लागते. ताज्या पाण्याच्या तिप्पट झाली की व्हॉल्व्ह उघडायचा.

एवढं जमलं आणि नवीच भानगड समोर आली. पाणी सोडताना पंप बंद ठेवावा लागतो. चार मिनिटांत पॅड वाळते आणि तो कूलर हॉलमध्ये सरळ लू फेकायला लागतो. आणि त्याच्यासमोरची रांग नेमकी व्याह्यांची असते. पंखाही बंद केला तर लू थांबते, पण तेवढा पट्टा उकडतो. म्हणजे एकाने पाणी सोडायचं असेल तर बाकीच्यांनी त्याची जागा सांभाळायला हवी. कोणी सांभाळायची, किती जोर लावून, हा प्रश्न घेऊन मी बहिणीकडे गेलो, आणि तिथून हे सगळं वाढत गेलं.

तिने ओपनफोम नावाच्या फुकट मिळणाऱ्या सॉफ्टवेअरवर हॉल मांडला. लाखो छोटे चौकोन, प्रत्येकात हवेचा वेग आणि दाब, रात्रभर संगणक घरघरतोय. तिने एक गोष्ट दाखवली ती मला पंचवीस वर्षं कूलर विकून कळली नव्हती: शेजारी-शेजारी दोन कूलर जोरात चालले की त्यांचे झोत सरळ जात नाहीत, एकमेकांकडे ओढले जातात. दोन्ही झोत मधली हवा ओढून घेतात, मधे दाब कमी होतो, आणि दोन्ही आत वाकतात. माझा विश्वास बसला नाही. मग एका रिकाम्या हॉलमध्ये कूलरच्या तोंडाशी धूप धरला. तिसऱ्या नंबरच्या कूलरचा धूर चार हात सरळ गेला आणि मग सरळ दुसऱ्याच्या अंगावर कलला. बहीण हाताची घडी घालून उभी होती, बोलली काही नाही.

तिची एवढी गणितं कूलरमधल्या छोट्या कंट्रोल बोर्डावर चालणं शक्यच नव्हतं. तिने त्यातून एक तक्ता काढला: शेजारी अमुक वेगावर असतील तर या कूलरची हवा हॉलच्या कोणत्या पट्ट्यात किती पोचते. तक्ता बोर्डात मावला. आता बोर्डांनी एकमेकांशी बोलायला हवं. वायफाय आम्ही लगेच सोडून दिलं. हजार पाहुण्यांचे हजार फोन एका हॉलमध्ये आले की त्या गर्दीत आमच्या निरोपाला कोण विचारतो. मामेभावाने आरएस-४८५ची (यंत्रं तारेने एकमेकांशी जोडायची एक प्रचलित पद्धत) पिळलेली तारांची जोडी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवली. कुणी पुढारी नाही. लाइन गेली-आली, एखादा बोर्ड मेला, तरी उरलेले आपसात ठरवतात की आता पाणी सोडायची पाळी कुणाची.

इथपर्यंत आल्यावर बहिणीचे जुने सर म्हणाले, परिषदेत पेपर वाचून टाका. बरं झालं, त्याआधी धरमपेठेतल्या एका पेटंट एजंट मॅडमना भेटलो होतो. त्यांचा पहिला प्रश्न शोध काय आहे हा नव्हताच. "आत्तापर्यंत कुणाकुणाला दाखवलंय?" अर्जाच्या तारखेआधी गोष्ट चारचौघांत आली की नावीन्य संपलं. कायद्यात सवलती आहेत, पण अगदी अरुंद दारं. कलम ३१ मध्ये ठरावीक प्रदर्शनं आणि विद्वत्संस्थांपुढच्या वाचनाला बारा महिन्यांची मुभा. कलम ३२ मध्ये, उघड्यावर केल्याशिवाय होणारच नाही अशा चाचणीला एक वर्षाची. "त्या दारातून जायची वेळच कशाला आणता? आधी अर्ज, मग पेपर," मॅडम म्हणाल्या. सर थोडे नाराज झाले. पेपर पुढच्या वर्षी वाचला, काही बिघडलं नाही.

नागपूरकरांना एक सोय आहे जी बहुतेकांना ठाऊक नसते. सिव्हिल लाइन्समध्ये राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आहे. १९८० साली पेटंट माहिती केंद्र नागपुरातच सुरू झालं, आणि पेटंट तपासणारे नवे परीक्षक प्रशिक्षणाला आपल्याच गावात येतात. अर्ज मात्र तिथं घेत नाहीत. महाराष्ट्राचा अर्ज मुंबई कार्यालयाच्या खात्यात जातो, आणि हल्ली सगळं ऑनलाइनच असल्यामुळे मुंबईचं तिकीट काढावं लागत नाही. मी त्यांच्या एका जागृती कार्यक्रमाला बसलो होतो. तिथून निघताना एवढं कळलं होतं की पेटंट यंत्राला मिळत नसतं, कागदावरच्या दाव्यांना मिळतं.

मग शोधाशोध. भारतीय अर्जांसाठी पेटंट कार्यालयाचं इनपास, बाहेरच्यांसाठी एस्पेसनेट, गुगल पेटंट्स आणि पेटंटस्कोप. मॅडमनी सांगितलं, शब्द टाकून शोधू नका, वर्गीकरणाचा नंबर टाका. 'कूलर'ला लोकांनी शंभर नावं ठेवलेली असतात. आमचं प्रकरण चार खणांत पडत होतं: थंड हवेची यंत्रं एफ२४एफ मध्ये, पाण्याची वाहकता मोजणं जी०१एन २७ मध्ये, प्रवाहाच्या गणितावरून रचना करणं जी०६एफ ३०/२८ मध्ये आणि एकाच तारेवरची जाळी एच०४एल १२/४० मध्ये. चारही खण गच्च भरलेले.

हा काळ मला फार आवडला, खरं सांगतो. धंद्यातला माणूस एरवी असलं वाचत नाही. विलिस कॅरिअरचं १९०६ सालचं पेटंट उघडून बघितलं. आज एसी म्हटलं की ज्याचं नाव येतं त्या माणसाने त्यात हवेवर पाण्याचा फवारा मारलाय! आणि आपल्या देशातला पेटंटचा पहिला अर्ज कशाचा असावा? १८५६च्या फेब्रुवारीत कायदा झाला आणि ३ मार्चला कलकत्त्याचे जॉर्ज आल्फ्रेड डीपेनिंग नावाचे सिव्हिल इंजिनीअर अर्ज घेऊन हजर: पंखा ओढायचं कार्यक्षम यंत्र. म्हणजे या देशात शोधाच्या हक्कासाठी जो पहिला माणूस उभा राहिला तो उकाड्याने हैराण झालेला होता. मी हे कारखान्यात सगळ्यांना सांगितलं. आमचे कारखान्यातले मिस्त्री म्हणाले, "मंग आपण तं त्याचेच नातलग झालो नं भाऊ."

मामेभाऊ इथरनेटच्या, म्हणजे संगणक तारेने एकमेकांशी जोडायच्या पद्धतीच्या, पेटंटवर अडकून बसला. मेटकाफ, बॉग्ज, थॅकर आणि लॅम्पसन अशा चौघांच्या नावे १९७७च्या डिसेंबरात झेरॉक्सला मिळालेलं. त्यात 'संगणकांनी एकमेकांशी बोलावं' असा नुसता विचार नाही. एका माध्यमाला जोडलेले ट्रान्सीव्हर (निरोप पाठवणारे आणि घेणारे भाग) आहेत, दोघांचं प्रसारण एकमेकांवर आदळलं की ते ओळखून थांबवणारी व्यवस्था आहे, आणि पुन्हा कधी बोलायचं ते नशिबावर सोडलेलं आहे. सगळं तारेवर, सगळं हाताला लागेल असं. आमचे दावे पुढे ज्या वळणावर गेले ते वळण त्याने तिथंच पाहिलं होतं, फक्त आम्ही त्याचं ऐकलं नाही.

पहिला अर्ज प्रोव्हिजनल टाकला. यात दावे लिहावे लागत नाहीत, शोधाचं वर्णन पुरतं. तारीख आपली होते आणि पूर्ण तपशील द्यायला बारा महिने मिळतात. तिघंही व्यक्ती म्हणून अर्जदार असल्यामुळे ऑनलाइन सरकारी फी १६०० रुपये. मोठी कंपनी असती तर ८०००. एजंटची फी याच्या कितीतरी पट, आणि ती देण्यात शहाणपण आहे असं माझं मत. अर्ज इंग्रजीत किंवा हिंदीत चालतो.

खरी गोष्ट त्या बारा महिन्यांतच घडली.

चाचणी उन्हाळ्यातच घ्यावी लागणार, आणि उन्हाळा म्हणजे लग्नसराई. मुहूर्त नसलेला दिवस गाठून ओळखीच्या एका कार्यालयात गेलो. आदल्या दिवशीचं लग्न, मंडपवाल्याने अजून झालरी काढल्या नव्हत्या. छतापासून गुलाबी-पांढरे पडदे, मधे झुंबरं, स्टेजच्या बाजूला कापडी खांब. आम्ही म्हटलं असू दे, आपलं काम कूलरशी. पाचव्या कूलरचं पाणी खारट करायला मिठाचं पाणी ओतलं. बोर्डाने बरोबर ओळखलं, शेजाऱ्यांना निरोप गेला, तक्त्याप्रमाणे चौथा आणि सहावा जोरात सुरू झाले, पाचवा थांबला, व्हॉल्व्ह उघडला. कागदावर सगळं बिनचूक. आणि पाचव्याच्या समोर उभी असलेली बहीण म्हणाली, "दादा, इथं काहीच येत नाहीये रे." चौथ्याची हवा झालरीवर आपटून वर चालली होती. पडदे फुगले होते, खाली शुकशुकाट.

बहीण लगेच म्हणाली, झालरीसकट मॉडेल करते. मामेभाऊ म्हणाला, किती झालरी करशील? प्रत्येक लग्नाला डेकोरेशन वेगळं. दोघांचं जुंपलं. मिस्त्री शिडीवर बसून वायर बांधत होते, ते वरूनच बोलले:

"टेबल तुमचं खरंच असन ताई. पण झालर लावली का हवा कुटं जाते हे कोनाले मालूम? तुमी त्याले आधी पाणी सोडू कायले देता? पयले शेजारच्याची हवा याच्यापाशी पोचली का, ते पाहून घ्या. पोचली तं सोडा पाणी. नाही पोचली तं दुसऱ्याले सांगा."

एवढंच. प्रत्येक कूलरच्या समोर, पट्ट्याच्या मधोमध एक तापमानाचा सेन्सर लटकवायचा. तक्ता सांगेल कुणाला विचारायचं. पण व्हॉल्व्ह उघडायची परवानगी तक्ता देणार नाही, तो सेन्सर देईल. आधी शेजारी वेग वाढवणार, मग समोरची हवा ठरलेल्या वेळात ठरल्याइतकी बदलली की नाही ते बघणार, बदलली तरच तारेवरून परवानगी. नाही तर तक्त्यातला पुढचा शेजारी. संध्याकाळपर्यंत मामेभावाने प्रोग्राम बदलला. झालरी तशाच होत्या. या वेळी चौथ्याने आणि सहाव्याने जोर लावला, सेन्सर हलला नाही, सातव्याला निरोप गेला, आणि सातव्याची हवा तिरकी येऊन पाचव्याच्या पट्ट्यात पोचली. मग व्हॉल्व्ह उघडला. हे मी डोळ्यांनी बघितलंय, अजूनही सांगताना बरं वाटतं.

पूर्ण तपशील लिहायला बसलो तेव्हा मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि पेन खाली ठेवलं. "ही परवानगीची गोष्ट पहिल्यांदा कोण बोललं?" आम्ही सांगितलं. "मग ते शोधकर्ते आहेत." मी म्हटलं, ते आमच्याकडे पगारावर आहेत. त्या म्हणाल्या, पगाराने नोकराचा शोध आपोआप मालकाचा होतो असं भारतीय पेटंट कायद्यात कुठं लिहिलेलं नाही. हक्क हवे असतील तर लिहून घ्यावे लागतात, आणि शोधकर्ता म्हणून नाव तर द्यावंच लागतं. फॉर्म ५ मध्ये याची सोय आहे. अर्ज करताना ज्यांचं नाव नव्हतं त्या शोधकर्त्याने संमतीची सही करायची जागा त्यात छापलेलीच असते.

मिस्त्रींशी बोललो. हक्क आम्हा तिघांच्या नावे, आणि परवाने देऊन जे काही येईल त्यात त्यांचा चौथा हिस्सा, असा करार स्टॅम्पपेपरवर केला. त्यांना हिश्शाची फिकीर नव्हती, नावाची होती. आधारवर एक स्पेलिंग, बँकेत दुसरं, शाळेच्या दाखल्यावर तिसरंच. "भाऊ, रॉयल्टी येईन तवा येईन. नाव बरोबर पडलं पाह्यजे, पोरगं इंटरनेटवर पाहीन." आधारचं दुरुस्त करून मगच सही झाली.

दावे लिहिणं हे काम बाहेरून वाटतं तसं नाही. शीर्षक पंधरा शब्दांच्या आत, सारांश दीडशे शब्दांच्या आत, दहाच्या वरच्या प्रत्येक दाव्याला ३२० रुपये जादा. आकृत्यांवर मजकूर नको, फक्त क्रमांक. माझ्या कारखान्याच्या ड्रॉइंगवरची सगळी मापं मॅडमनी पुसायला लावली. माप लिहिलं की उद्या कुणी अर्धा इंच कमी करून सुटणार. बहिणीचा मात्र जीव तुटत होता. तिला पहिला दावा मॉडेलचा हवा होता. मॅडम म्हणाल्या, कलम ३(के): गणिती पद्धत, आल्गोरिदम आणि नुसता संगणक प्रोग्राम हे शोध धरले जात नाहीत. ती म्हणाली, पण जगभर प्रवाहाच्या गणितावर पेटंटं आहेत, आपणच तर बघितली. आहेतच, पण इथं तो तक्ता काहीतरी खरंखुरं हलवतो असं दाखवावं लागतं. शेवटी पहिल्या दाव्यात कूलर, टाकी, सळ्या, व्हॉल्व्ह, समोरचा सेन्सर, तार. आणि तक्ता त्यांच्या मधे बसलेला. मॉडेल कसं केलं ते वर्णनात सविस्तर दिलं, कारण वाचून दुसऱ्याला करता आलं पाहिजे हीदेखील अट आहे.

बहिणीचा एक फायदा अनपेक्षित झाला. अर्जदार सगळे व्यक्ती असतील आणि त्यांत एक जरी स्त्री असेल तर नियम २४सी खाली लवकर तपासणी मागता येते. फॉर्म १८ए, व्यक्तींसाठी ८००० रुपये, सोबत लवकर प्रसिद्धीचा फॉर्म ९, त्याचे २५००. एरवी अर्ज अठरा महिने बंद असतो. मामेभाऊ अजून म्हणतो की अख्ख्या प्रकरणात सगळ्यात हुशारीचं काम ताईने मुलगी म्हणून जन्माला येऊन केलं. ती त्याला मारते.

पहिला तपासणी अहवाल आला तो वाचून मी दिवसभर कुणाशी बोललो नाही. मॅडम मात्र शांत. त्यांनी सांगितलं की सगळे अहवाल असेच दिसतात. परीक्षकांनी आमच्याविरुद्ध तीन जुने दस्तऐवज लावले होते. एकात शीतकरणाच्या पाण्याची वाहकता मोजून ते सोडायची व्यवस्था: माझा भाग गेला. दुसऱ्यात डेटा सेंटरमधले पंखे हवेच्या मॉडेलवरून चालवणं: बहिणीचा गेला. तिसऱ्यात एका तारेवरच्या यंत्रांनी आपसात पाळी ठरवणं: मामेभावाचा गेला. आणि खाली निष्कर्ष: या क्षेत्रातल्या जाणकाराला तिन्ही एकत्र करणं सहज सुचलं असतं. शिवाय कलम ३(के) आणि कलम ३(एफ), म्हणजे ओळखीच्याच वस्तूंची नुसती मांडणी, जिथं प्रत्येक वस्तू आपापलंच काम करते. वाचायला कठोर, पण परीक्षकांनी आमचं यंत्र आमच्यापेक्षा नीट उलगडून ठेवलं होतं, हे कबूल करायला हवं.

उत्तराला सहा महिने असतात. आम्ही तिन्ही दस्तऐवज छापून टेबलावर पसरले आणि प्रत्येकात एकच गोष्ट शोधली: पाणी सोडायच्या आधी कुणी थांबून बघतं का? पहिल्यातलं यंत्र वाहकता वाढली की लगेच पाणी सोडतं. दुसऱ्यातलं मॉडेलवर भरवसा ठेवतं, आणि डेटा सेंटरमध्ये ते चालतंही, तिथं रोज झालरी बदलत नाहीत. तिसऱ्याला हवा म्हणजे काय ते ठाऊक नाही. समोरच्या हवेत फरक पडल्याची खात्री झाल्यावरच व्हॉल्व्हला परवानगी, ही साखळी तिन्हींत नव्हती, आणि तीन कागद एकावर एक ठेवले तरी तयार होत नव्हती. तक्ता एकटा झालरीपुढे हरतो. सेन्सर एकटा कुणाला हाक मारायची ते सांगू शकत नाही. दोघं मिळून जे होतं ते दोघांच्या बेरजेपेक्षा वेगळं आहे, आणि कलम ३(एफ)ला उत्तर हेच. कलम ३(के)साठी मॅडमनी दिल्ली उच्च न्यायालयाचा डिसेंबर २०१९चा फरीद अलानी प्रकरणातला निकाल लावला: प्रोग्राम आहे एवढ्यावरून नाकारू नका, तांत्रिक परिणाम आहे का ते बघा. आमचा परिणाम तर बादलीत मोजता येत होता.

सुनावणी व्हिडिओवर झाली. बहीण, मॅडम आणि मी कॅमेऱ्यासमोर, मिस्त्री बाजूला, चौकटीच्या बाहेर. अर्जावर निर्णय देणाऱ्या कंट्रोलर साहेबांचे प्रश्न मोजकेच होते. एक असा: तक्ता काढून टाकला आणि नुसते सेन्सर ठेवले तर तुमची यंत्रणा चालेल का? बहिणीने सरळ सांगितलं, चालेल, पण एकेका शेजाऱ्याला चाचपत बसेल आणि तोवर वाट बघणारा कूलर खारट पाण्यावरच चालत राहील. मग तिने झोत वाकतात ते सांगितलं. जवळचे चौथा-सहावा हरले की लांबच्या सातव्याला विचारायचं हे तक्ता नसता तर कुणाला सुचलंच नसतं. साहेबांनी आकृती मागितली, ती होतीच. दुसरं म्हणणं, 'ठरावीक बदल' हे शब्द मोघम आहेत. ते आम्ही मान्य केलं. लेखी म्हणणं पंधरा दिवसांत द्यायचं असतं. त्यात पहिला दावा आणखी आवळला. किती बदल, किती वेळात, कशाच्या तुलनेत, सगळं वर्णनात आधीपासून लिहिलेलं होतं म्हणून दाव्यात आणता आलं. वर्णनात नसलेलं नंतर घुसडता येत नाही. बहिणीने पानंच्या पानं लिहिली तेव्हा मी कुरकुरत होतो, जादा पानाला १६० रुपये पडतात म्हणून. ती पानं कामी आली.

पेटंट मंजूर झालं. प्रमाणपत्र पीडीएफमध्ये येतं. आम्ही ते नागपूरच्या महाल भागातून फ्रेम करून आणलं. मुदत अर्जाच्या तारखेपासून वीस वर्षं, मंजुरीच्या नाही. तिसऱ्या वर्षापासून नूतनीकरण फी, सुरुवातीला व्यक्तीला वर्षाला ८०० रुपये. शोध प्रत्यक्ष वापरात आहे की नाही ते फॉर्म २७ वर कळवावं लागतं; पूर्वी दरवर्षी, २०२४च्या नियमदुरुस्तीनंतर तीन वर्षांतून एकदा. मंजुरी प्रसिद्ध झाल्यापासून एक वर्ष, ज्याचा त्यात हितसंबंध आहे असं कुणीही विरोध दाखल करू शकतं. आमच्या वाट्याला कुणी आलं नाही. आमच्या वाटेला जावं इतका पैसाही अजून त्यात कुणाला दिसलेला नाही, हेही खरं.

लोक विचारतात, आता कुणी कूलरचं पाणी आपोआप सोडलं तर तू केस करणार का? नाही. टायमरवर सोडा, वाहकतेवर सोडा, शेजाऱ्याचा पंखा वाढवून सोडा, आमचं काही म्हणणं नाही. शेजाऱ्याची हवा पोचल्याची खात्री करून मग सोडाल तेव्हा आमच्याकडे या. पट्टी एवढीशीच आहे. बहिणीला अजूनही ती फार अरुंद वाटते. मला वाटत नाही, कारण कार्यालयाच्या मालकाला मी नेमकी तीच गोष्ट विकतो: व्याह्यांच्या अंगावर लू येणार नाही.

मिस्त्री सध्या पंपाच्या करंटच्या मागे लागलेत. पॅडवरच्या पाइपची भोकं खाराने बुजली की पंपातून पाणी कमी जातं आणि करंट थोडा उतरतो. त्यावरून पॅडचा कुठला भाग कोरडा पडतोय ते कळेल असं त्यांचं म्हणणं आहे. मामेभाऊ म्हणतो एका पंपावरून नाही कळणार, शेजारच्यांचे आकडे ताडून बघावे लागतील. प्रोव्हिजनल फेब्रुवारीच्या आत टाकायचं आहे. मार्च लागला की कारखान्यात कुणाला मान वर करायला वेळ नसतो.